नागोराव इंगोले यांच्या चेहऱ्याचा आकार

पूर्णिमा मॅडम नुसतं ‘हं’ म्हणाल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कंपनीच्या कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवून पन्नाशीच्या आसपासची सगळी मंडळी शाळेतल्यासारखी ओळीत बसवली होती. कार्यक्रमाचं नाव ‘व्यक्तिमत्त्व विकास’. आता पंपांच्या कारखान्यात अकाउंट्सला पंचवीस-सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाचं जे काही व्यक्तिमत्त्व व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण कंपनीत जर्मन भागीदार आल्यापासून काय-काय विकसित करायला लागेल याचा नेम राहिला नव्हता. पूर्णिमा मॅडमचं म्हणणं असं, की प्रत्येक चेहऱ्याला एक आकार असतो, तो ओळखावा आणि त्याला शोभेल असे केस, चष्मा, कॉलर ठेवावी. सोमवारी गेटच्या नव्या कार्डासाठी सगळ्यांचे फोटो निघणार होते, तोवर हे जमवून टाकावं. मग त्या एकेकासमोर उभ्या राहून, मान तिरकी करून, ‘तुमचा चौकोनी’, ‘तुमचा बदामी’ असं जाहीर करत निघाल्या. स्टोअरच्या हिंमतराव गावंड्यांना ‘हिऱ्यासारखा’ मिळाला, तेव्हा ते वराला टाळ्या मिळाव्यात तसे लाजले. नागोराव इंगोल्यांसमोर मॅडम थांबल्या. मान डावीकडे तिरकी केली, मग उजवीकडे केली, ‘हं’ म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

नागोराव मुळात संशयी. कलिंगड घेताना ते स्वतः वाजवून पाहतात, बायकोला, नंदाताईंना, वाजवायला लावतात आणि तरीही ‘हा आवाज त्याने शिकवून ठेवलेला असेल’ म्हणून न घेता परत येतात. अशा माणसाला कोणी ‘हं’ देऊन जाऊ नये.

त्यातून दिवस संशयाचेच होते. कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली होती. ती ज्याला द्यायची त्याला संतोष साहेब केबिनमध्ये बोलवायचे. हे साहेब तिशीचे, गुळगुळीत चेहऱ्याचे, सगळ्यांशी ‘सर’ म्हणून बोलणारे. केबिनमध्ये एरवी कोणी गेलं तर काचेच्या ग्लासातला चहा यायचा. योजनेच्या माणसाला मात्र कपबशी यायची, निळ्या फुलांची. त्यामुळे हल्ली कंपनीत ‘अमक्याला कपबशी आली’ एवढंच म्हणत आणि पुढचं कोणी विचारत नसे. मुलीचं, नम्रताचं, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, रिटायर व्हायला अजून सहा वर्षं होती आणि नागोरावांना घरी बसून काय करतात हे माहीत नव्हतं. कपबशीची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

आणि आता हे ‘हं’. त्यांनी हिशेब मांडला. चेहरे तपासायला बाई आणतात, ते फक्त पन्नाशीच्या माणसांचे. लगोलग फोटो काढतात. फोटो नक्की जर्मनीला जाणार. तिथे कोणीतरी बसून पाहणार, हा ठेवा, हा नको. रिसेप्शनमध्ये जर्मन साहेबांचे फोटो टांगले होते. नागोरावांनी ते येता-जाता नीट पाहून घेतले. एकालाही मिशी नव्हती.

घरी येऊन त्यांनी नम्रताला, सहज म्हणून, चेहऱ्याचा आकार कसा काढतात ते विचारलं. तिने सायबर कॅफेत जाऊन माहिती आणली. कपाळ मोजायचं, गालाची हाडं मोजायची, जबडा मोजायचा आणि उंची मोजायची. नागोरावांनी नंदाताईंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढली आणि बाथरूमला आतून कडी लावली. पहिल्यांदा चेहरा चौकोनी आला. तो हिंमतरावांच्या हिऱ्यापेक्षा कमी वाटला म्हणून पुन्हा मोजला, तर लांबट आला. जेवणानंतर मोजला तर गोल. टेप जुनी आहे आणि ताणली गेली आहे, असा त्यांचा संशय होता. मग नम्रता म्हणाली, ‘‘बाबा, आरशावर आउटलाइन काढा ना, सिंपल आहे.’’ त्याप्रमाणे त्यांनी एक डोळा मिटून, ओल्या साबणाने आरशातल्या चेहऱ्याच्या कडेकडेने रेघ ओढली. गळ्यापाशी शिंक आली. आरशावर एक भरताचं वांगं तयार झालं, देठासकट.

नंदाताईंनी ते सकाळी पाहिलं.

‘‘अहो, हा कोण?’’

‘‘मी.’’

त्यांनी वांग्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. ‘‘तुम्हाला एकदम तोंडाचं काय पडलंय? आणि ही पूर्णिमा कोण? झोपेत दोनदा म्हणालात.’’

संशयी माणसावर कोणी संशय घेतला की त्याला जसं लागतं तसं दुसऱ्या कोणाला लागत नाही. नागोराव चहा प्याले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. शेजारच्या गॅलरीत श्रीनिवासराव होते. श्रीनिवासराव मूळचे नारायण पेठेतले. पेठ सोडून कर्वेनगरात राहायला आल्याला बारा वर्षं झाली, पण अजून ते ‘पुण्यात जाऊन येतो’ म्हणतात. सोसायटीचे सेक्रेटरी तेच. नागोरावांनी त्यांना आडून विचारलं, की माणसाच्या चेहऱ्याला आकार असतो म्हणतात, तर माझा कुठला वाटतो?

श्रीनिवासरावांनी पेपर खाली घेतला. ‘‘इतकी वर्षं शेजारी राहतोय. तुमच्या चेहऱ्याकडे पाहावं असं कधी कारण घडलं नाही.’’ तरी त्यांनी पाहिलं. ‘‘गोल म्हणा. पुढे काय करायचा आहे त्याचा?’’

नम्रताच्या माहितीप्रमाणे गोल चेहऱ्याला तीन गोष्टी शोभतात. डोक्यावर मध्यभागी उंच केस, चौकोनी चष्मा, आणि खाली ओघळणारी मिशी असेल तर ती नसणं. मध्यभागी उंच करण्यासारखे केस नागोरावांपाशी उरले नव्हते. चष्मा चौकोनीच होता. राहिली मिशी. ती अठराव्या वर्षापासूनची, दोन्ही टोकांना किंचित खाली उतरलेली.

इथे वाशीमकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. बाप हयात असताना तिकडे मिशीला वस्तरा लावत नाहीत. मिशी उतरली की ओळखायचं, घरात बाप गेला. नागोरावांना ही रीत माहीत नव्हती असं नाही. त्यांचे वडील, आबा, चौऱ्याऐंशीचे होते आणि वाशीमजवळच्या गावी खणखणीत होते. पण डोक्यात कपबशी शिरली की माणसाला रीतभात सुचत नाही. नेहमीचा न्हावी सुखदेव असता तर त्याने वस्तरा हातात घेण्याआधी ‘कधी गेले?’ विचारलं असतं. पण सुखदेव हिंमतरावांचेही केस कापायचा, तो बातमी फोडेल, असा नागोरावांना संशय. म्हणून ते शनिवारी सकाळी कर्वे रोडवरच्या एका नव्या, काचेच्या दाराच्या पार्लरमध्ये गेले. तिथे साई नावाचा, निम्मे केस तांबडे केलेला मुलगा होता.

‘‘अंकल, राउंड फेस आहे. साइडला मशीन मारू, एकदम शॉर्ट. आणि ही मिशी ऑफ करू या का? फेस ओपन होईल.’’

नागोरावांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांसमोर निळ्या फुलांची कपबशी आली. त्यांनी मान हलवली.

डावी बाजू गेली तेव्हा त्यांना आबा आठवले. ते खुर्चीतून ताडकन उठले. पण अर्धी मिशी घेऊन कर्वेनगरपर्यंत बसने जाणं कुठल्याच आकाराच्या चेहऱ्याला शोभलं नसतं. ते पुन्हा बसले आणि म्हणाले, ‘‘उरकून टाक.’’

बाहेर आले तेव्हा बाजूचे केस जवळजवळ नव्हते, मधले आधीच नव्हते, आणि मिशीच्या जागी एक फिकट, बाळसेदार पट्टा होता. तीस-पस्तीस वर्षं त्या जागेला ऊन लागलं नव्हतं. बस स्टॉपवर समोरून हिंमतराव आले. दोघे एका तालुक्यातले. हिंमतरावांनी पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली, डोळे पुसले आणि एक अक्षर न बोलता रस्ता ओलांडून निघून गेले. नागोरावांना वाटलं, हिऱ्यासारख्या चेहऱ्याचा गर्व झाला आहे.

संध्याकाळी बेल वाजली. श्रीनिवासराव पांढऱ्या सदऱ्यात, हातात वरण-भाताचं पातेलं. भादरलेलं डोकं आणि उतरलेली मिशी त्यांनी दुपारीच गॅलरीतून पाहिली होती. आपल्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारी जेवण आणतात. नंदाताई दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात त्या वेळी पुरणपोळीचा वास सुटला होता, कारण आदल्या दिवशीच्या पूर्णिमा प्रकरणावर त्यांनी स्वतःच पडदा टाकायचं ठरवलं होतं. श्रीनिवासरावांनी तो वास येऊन न आल्यासारखं केलं.

‘‘वाईट झालं,’’ ते बसत म्हणाले.

‘‘इतकंही वाईट नाही,’’ नागोराव ओठावरून हात फिरवत म्हणाले. ‘‘सवय होईल.’’

‘‘अचानक?’’

‘‘छे. दोन-तीन दिवस मनात घोळत होतं.’’

श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. ‘‘वय काय होतं वडिलांचं?’’

तेव्हा कुठे नागोरावांना उजेड पडला आणि घामही फुटला. ‘‘अहो, वडील उत्तम आहेत!’’

‘‘असणारच. जिथे असतील तिथे उत्तमच असणार.’’

‘‘तसं नाही हो. वाशीमला आहेत.’’

‘‘मन मानत नाही, समजतं मला,’’ असं म्हणून श्रीनिवासरावांनी त्यांचा खांदा थोपटला. ‘‘आमच्या काकांच्या वेळी काकूही महिनाभर ‘बाहेर गेलेत’ म्हणत होती.’’

आता यावर एकच उत्तर होतं. ‘मी चेहरा खुलावा म्हणून मिशी काढली’, हे. नागोरावांनी ते दोनदा जिभेवर आणलं. पण नारायण पेठेच्या माणसाला हे वाक्य दिलं की ते आपल्या मरणापर्यंत आणि त्यानंतर तेराव्यालाही ऐकू येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते गप्प बसले. लोकांनी त्या गप्प बसण्याला शोक म्हटलं. रविवारी सकाळी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : ‘श्री. इंगोले यांच्याकडील दुःखद घटनेमुळे गच्चीवरील कोजागिरी रद्द. वर्गणी परत मिळणार नाही. दूध आणून झाले आहे, ज्यांना ते पाहायचे असेल त्यांनी सेक्रेटरींकडे पाहावे.’

अकराच्या सुमारास हिंमतराव आले. ते दारातच उभे राहिले आणि चेहरा हिऱ्यापेक्षा कोळशाकडे झुकलेला होता.

‘‘नागोराव, माझ्याकडून एक मोठी चूक झाली. काल तुम्हाला पाहून मी संतोष साहेबांना कळवलं, ऑफिसात सगळ्यांना कळवलं, आणि आज सकाळी रीतीप्रमाणे तुमच्या गावी फोन लावला. तेरावं कधी ते विचारायला.’’

‘‘कोणी उचलला?’’

‘‘आबांनी.’’

नंदाताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

‘‘मला आवाज ओळखू आला नाही. मी म्हटलं, आबा कधी गेले? तर तिकडून म्हणाले, ‘मी तं घरीच हाओ, कुठी जाऊ?’ मी म्हटलं, मग नागोरावांनी मिशी काऊन काढली? मग म्हणाले, ‘उद्या येतो. पाहातो.’ ’’ हिंमतरावांनी घाम पुसला. ‘‘रात्रीच्या एसटीने निघणार. आणि नागोराव, साहेबांना आता कसं सांगायचं, की आबा परत आले म्हणून? मी काही सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, माझी लाज जाईल.’’

लाज नेमकी कोणाची जाणार होती यावर वाद घालायला वेळ नव्हता. आबांचा राग नागोराव ओळखून होते. पोरगा जिवंत बापाच्या नावाने मिशी उतरवतो, हे गावात कळलं म्हणजे आबा पारावर बसू शकणार नाहीत. आणि पारावर बसल्याशिवाय आबांचा दिवस जात नाही. म्हातारपणी बापाला मान खाली घालायला लावणार, तेही साबणाच्या वांग्यापायी, या विचाराने नागोरावांनी उठून पायांत चपला सरकवल्या. एका रात्रीत मिशी येत नाही. पण पुण्यात मिशी मिळते.

नारायण पेठेत नाटकाचे कपडे भाड्याने देणारं एक दुकान आहे. नागोराव पोचले तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती आणि मालक शटरकडे पाहत होते. भिंतीवर पाटी होती : ‘मिशी लावून पाहू नये. दोष मिशीचा नसतो.’

‘‘काय पाहिजे?’’

‘‘मिशी.’’

‘‘ऐतिहासिक, पौराणिक की सामाजिक?’’

नागोरावांनी क्षणभर विचार केला. ‘‘सामाजिक.’’

‘‘सामाजिकमध्ये कोण? बाप, खलनायक की हवालदार?’’

‘‘मुलगा.’’

‘‘मुलगा गुळगुळीत असतो. मिशीवाला मुलगा घेऊन कोण येतं नाटक बघायला?’’ मालकांनी नाइलाजाने एक खोका पुढे ओढला. ‘‘शिवाय स्पर्धेचे दिवस आहेत, बाप सगळे बाहेर गेलेत. हवालदार आहे तो न्या. घाम येऊ देऊ नका, हसू नका, गोंद सुटतो. आणि परत आणताना विंचरून आणा. मागच्या गिऱ्हाइकाने तिच्यात श्रीखंड ठेवलं होतं.’’

सोमवारी हवालदाराची मिशी लावून नागोराव कंपनीत गेले. ती त्यांच्या जुन्या मिशीपेक्षा दुप्पट जाड होती आणि तिला कापराचा वास होता. ऑक्टोबरचं ऊन. बसमध्ये ते ओठ न हलवता बसले. ऑफिसात शनिवारची बातमी पोचलेली होतीच. एकेकजण दुःखी चेहऱ्याने जवळ येई, मिशी पाही, आणि चेहऱ्यावरचं दुःख कुठे ठेवावं हे न कळून तसाच मागे जाई. एकाने विचारलंच, ‘‘दोन दिवसांत?’’

‘‘आमच्याकडे लवकर वाढते,’’ नागोराव म्हणाले. ‘‘काळी जमीन आहे.’’

फोटो कॅन्टीनमध्येच निघत होते. पूर्णिमा मॅडम कॉलरी नीट करत होत्या. नागोरावांचा फोटो झाला आणि त्यांना राहवलं नाही. ओठ शक्य तितके मिटून त्यांनी विचारलं, की त्या दिवशी सगळ्यांचा आकार सांगितलात, मला मात्र ‘हं’ म्हणालात, ते का?

मॅडम आठवू लागल्या. ‘‘अय्या, तुम्ही! तुमच्या मागे भिंतीवर पाल होती हो. मी तिच्याकडे बघत होते, ती तुमच्या डोक्यावर पडते की काय म्हणून. आकार सांगायचा राहिला का? लंबगोल. सगळ्यांत चांगला. काहीही करायची गरज नाही.’’ आणि जाता जाता त्या म्हणाल्या, ‘‘मिशी फार शोभते तुम्हाला. ती कधी काढू नका.’’

नागोराव तिथेच एका खुर्चीवर बसले. एका पालीसाठी त्यांनी बापाचं तेरावं घातलं होतं.

तेवढ्यात संतोष साहेब आले. मिशीकडे त्यांनी पाहिलं, पण सभ्य माणूस, काही बोलले नाहीत. बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, ‘‘सर, खरं सांगू? आज तुम्हाला केबिनमध्ये बोलवायचं ठरलं होतं. त्या योजनेबद्दल. पण घरी असं झाल्यावर बरं दिसत नाही. आपण आत्ता तो विषय राहू देऊ.’’

म्हणजे कपबशी खरंच येत होती! आणि मिशी काढल्यामुळे, म्हणजे आबा गेल्यामुळे, म्हणजे न गेल्यामुळे, ती परत फिरली होती. नागोरावांच्या छातीवरचं ओझं उतरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं एक पाऊल बरोबर पडलं होतं, चुकून का होईना. फक्त गप्प बसायचं होतं. संध्याकाळी घरी आबांची समजूत काढायची, त्यांना दोन दिवसांत एसटीत बसवायचं, आणि कंपनीत ते गेलेलेच राहू द्यायचे. त्यांचं काय बिघडणार होतं?

कॅन्टीनच्या भिंतीवरचा फोन वाजला. कोणीतरी उचलला आणि ओरडून सांगितलं, ‘‘इंगोले, गेटवर या. एक म्हातारे आलेत, तुमचा बाप आहे म्हणतात.’’

संतोष साहेबांनी नागोरावांकडे पाहिलं. नागोरावांनी हिंमतरावांकडे पाहिलं. हिंमतरावांनी पालीची जागा शोधली.

गेटवर आबा उभे होते. डोक्याला पागोटं, खांद्यावर पिशवी, रात्रभराच्या एसटीने धोतराच्या झालेल्या चुण्या. नंदाताई सकाळी त्यांना आणायला स्वारगेटला गेल्या होत्या, पण आबा शिवाजीनगरला उतरले आणि कंपनीचं नाव विचारत विचारत थेट इथे आले. सिक्युरिटीवाला त्यांना आत सोडत नव्हता.

‘‘आजोबा, इंगोलेंचे वडील वारलेत. शनिवारीच कळलंय. तुम्ही कोण?’’

‘‘आता हे तुले कसं सांगू, बापा?’’ आबा म्हणाले. ‘‘तो येऊन राह्यला ना, त्यालेच पूस.’’

नागोराव येऊन थांबले. त्यांच्या मागे संतोष साहेब, हिंमतराव, आणि चहाची सुट्टी असल्यासारखी अर्धी कंपनी. सिक्युरिटीवाला म्हणाला, ‘‘साहेब, ओळखता का यांना?’’

आता खोटं सांगू नये. नागोराव थांबले. फार नाही, पण थांबले. तेवढ्यात त्यांना नम्रताचं कॉलेज दिसलं, निळ्या फुलांची कपबशी दिसली, दुपारच्या वेळी गॅलरीत रिकामे बसलेले आपण दिसलो. आबा रागात नव्हते. हात पिशवीच्या पट्ट्यावर ठेवून नुसतं पाहत होते, पोरगा काय म्हणतो ते ऐकायला. त्या हाताची बोटं थरथरत होती. हे थरथरणं नवीन होतं. मागच्या दिवाळीला नव्हतं.

नागोरावांना स्वतःची लाज वाटली.

‘‘हे माझे वडील,’’ ते मोठ्याने म्हणाले. ‘‘जिवंत हायत. मीच येडा हाओ.’’

पुण्यात सत्तावीस वर्षं जपून ठेवलेली भाषा त्या एका वाक्यात गेली, आणि घामाने मिशीची डावी बाजूही सुटली. ती ओठावर लोंबू लागली. आबा पुढे आले. त्यांनी दोन बोटांत मिशी धरली आणि सावकाश, काटा काढावा तशी, ओढून काढली. आता कानफटात बसणार, हे नागोरावांना माहीत होतं, आणि बसावी असंच त्यांना वाटत होतं.

आबा पाहत राहिले. मग त्यांनी अंगठा त्या फिकट पट्ट्यावरून फिरवला.

‘‘मुक्ता,’’ ते म्हणाले.

मुक्ताई म्हणजे नागोरावांची आई. नागोराव चौथीत असताना ती गेली. गावात फोटोवाला येत नसे, तिचा एकही फोटो नव्हता. नागोरावांना आठवायची ती तिच्या हाताला लागलेली चुलीची राख, बांगड्या, हाक. चेहरा आठवत नव्हता. आणि आबांनी पोराला मिशी फुटल्यापासून आजपर्यंत कधी मिशीशिवाय पाहिलं नव्हतं.

‘‘तिचा ओठ हाय,’’ आबा म्हणाले. ‘‘असाच होता. मी विसरून गेलो होतो रे.’’

संतोष साहेब पुढे आले. ‘‘आजोबा, लांबून आलात. आत या, चहा घ्या.’’

केबिनमध्ये चहा आला. पाहुणे मोठे, म्हणून शिपायाने चांगली भांडी काढली. निळ्या फुलांच्या तीन कपबश्या टेबलावर लागल्या आणि नागोरावांनी डोळे मिटले. व्हायचं ते होणारच होतं. साहेबांनी घसा खाकरला. ‘‘सर, आता वडील सुखरूप आहेत, तर आपण तो विषय...’’

आबा बशीत चहा ओतत होते. ते साहेबांच्या गुळगुळीत चेहऱ्याकडे मायेने पाहत म्हणाले, ‘‘तुमचे वडील कधी गेले, बापा? लहान वय हाय तुमचं.’’

साहेब गोंधळले. ‘‘नाही, नाही. आहेत. नाशिकला असतात.’’

‘‘हायत?’’ आबांनी बशी खाली ठेवली. ‘‘बरे हायत ना?’’

‘‘बरे... म्हणजे असतील. बोलणं झालं नाही बरेच दिवस. कामात वेळच...’’ साहेबांचा हात नकळत आपल्या ओठावर गेला आणि तिथेच राहिला. आबांनी पुन्हा बशी उचलली आणि पुढे काही विचारलं नाही. बापासमोर मुलाच्या निवृत्तीचा विषय काढणं साहेबांना त्या दिवशी जमलं नाही. नागोराव दार लावून बाहेर पडताना त्यांनी पाहिलं, साहेब फोनचा रिसीव्हर कानाला लावून बसले होते.

पुढे महिन्याभराने त्यांनी नागोरावांना योजना समजावून सांगितली. नागोराव म्हणाले, नको. साहेब म्हणाले, बरं. एवढंच. स्वेच्छानिवृत्ती खरोखर आपल्या इच्छेवर असते यावर नागोरावांचा अजूनही विश्वास नाही. यात काहीतरी डाव आहे, असं ते म्हणतात. गेटच्या नव्या कार्डावर त्यांचा हवालदाराच्या मिशीतला फोटो आहे, आणि सिक्युरिटीवाला रोज तो उलटसुलट करून पाहतो. कोजागिरीच्या दुधाचं काय झालं हे श्रीनिवासरावांनी कोणाला सांगितलं नाही. मिशी परत करताना मालकांनी ती उजेडात धरून पाहिली आणि ‘‘मुलगा जमला का?’’ एवढंच विचारलं.

आबा मात्र दोन दिवसांत गेले नाहीत, चांगले आठ-दहा दिवस राहिले. रोज सकाळी ते नागोरावांना दाढी करायला लावायचे आणि समोर स्टूल घेऊन बसायचे. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, ‘‘एक फोटो काढू दे तुहा. मोठा. असाच.’’ नागोरावांनी काही न विचारता स्टुडिओत जाऊन फोटो काढला, मिशीशिवाय. आबांनी तो पेपरात गुंडाळून पिशवीत तळाशी ठेवला. नंदाताईंनी तेवढ्यात पाहून घेतलं होतं, आबांनी फोटोतल्या कपाळावर बोटाने कुंकू लावलं होतं.

एसटी सुटताना आबा खिडकीतून वाकले. बाप रागावून गेला नाही, हे नागोरावांना अजून खरं वाटत नव्हतं.

‘‘झालं आता,’’ आबा म्हणाले. ‘‘उद्यापासून वाढव. माह्या वेळेले काढाले काही तरी पाह्यजे ना.’’